उमेदवाराची श्रद्धा आणि मतदाराचा प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि आता ओहायो राज्यात स्थायिक आहे. नागरिकत्व मिळाल्यामुळे पुढच्या निवडणुकीत मी प्रथमच मतदान करणार आहे. येथील प्रचारात उमेदवाराची धर्मश्रद्धा आणि गर्भपाताविषयीचे त्याचे मत यांची चर्चा सतत कानावर येते. आमच्या ओळखीतील काही मराठी मंडळी म्हणतात की या खासगी बाबी आहेत, मतदाराने कर, शाळा आणि आरोग्यविमा पाहावा. आमच्या शेजारच्या बाई मात्र गर्भपाताला विरोध करणाऱ्यालाच मत देतात, बाकी काही पाहत नाहीत. मी काय पाहावे?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : आपल्या पत्रात एकत्र आलेल्या या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण त्यांची उत्तरे माझ्या मते एक नाहीत. उमेदवार कोणत्या धर्माचा आहे, तो प्रार्थनेला जातो की नाही, यावरून त्याला मत देऊ नये आणि नाकारूही नये. गर्भपाताविषयी तो कोणत्या कायद्याच्या बाजूने उभा राहणार आहे, हे मात्र विचारलेच पाहिजे. आणि ‘ही माझी खासगी बाब आहे’ असे उत्तर त्याने दिले तर ते मान्य करू नये. त्याच्या स्वतःच्या घरात काय व्हावे ही त्याची खासगी बाब खरी, परंतु परक्या घरातील गर्भवती स्त्रीला आणि तिच्या डॉक्टरला कायदा काय करू देणार, हे ठरवण्याचा अधिकार जो मतदारांकडे मागतो, त्याने त्या अधिकाराचा वापर कसा करणार ते आधी सांगायला हवे.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की केंद्राच्या कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घातली जाणार नाही. तरीही राज्याराज्यांतील जुन्या तरतुदी फार काळ टिकून राहिल्या. मेरीलँडमध्ये साधे नोटरी व्हायचे तरी देवावर विश्वास असल्याचे जाहीर करावे लागत असे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रद्द केली. टेनेसीमध्ये धर्मोपदेशकांना लोकप्रतिनिधी होण्यास बंदी होती, ती १९७८ मध्ये गेली. नास्तिकाचा आणि पाद्रीचा, दोघांचाही मार्ग एकाच तत्त्वाने मोकळा झाला. हे कलम सरकारला बांधते, मतदान कक्षात उभ्या असलेल्या मतदाराला बांधत नाही, हे खरे आहे. पण त्यामागचा विचार मतदारानेही पाळावा असे मला मनापासून वाटते. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा कॅथलिक माणूस निवडून आला तर देशावर पोपचे राज्य येईल, असा प्रचार गावोगाव झाला. स्मिथ यांच्या पराभवाची कारणे अनेक होती, परंतु त्या प्रचाराने देशातील कोट्यवधी कॅथलिक नागरिकांना ते दुय्यम असल्याचे बजावले गेले.

बत्तीस वर्षांनी जॉन केनेडी यांना तोच संशय सोसावा लागला. सप्टेंबर १९६० मध्ये ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे ते गेले आणि चर्च व राज्यसंस्था पूर्णपणे वेगळी असावी, असे त्यांनी सांगितले. त्या भाषणातील हा भाग नेहमी सांगितला जातो. मला त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. संततिनियमन, घटस्फोट, सेन्सॉरशिप, जुगार असे विषय त्यांनी नावे घेऊन मोजले, त्यांवर आपण बाहेरच्या धार्मिक दबावाखाली निर्णय घेणार नाही असे म्हटले, आणि पदाचे कर्तव्य व सदसद्विवेक यांत तडजोड होणेच शक्य नसेल अशी वेळ आली तर राजीनामा देऊ, असेही सांगितले. म्हणजे धर्म विचारू नका एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. कोणत्या विषयावर निर्णय कसा घेणार, हे त्यांनी सांगितले. त्या यादीत गर्भपात नव्हता, कारण १९६० मध्ये तो राष्ट्रीय निवडणुकीचा विषय झालेला नव्हता.

धर्म पाहून मत ओळखता येते, हा समजही अनुभवाला धरून नाही. सदर्न बॅप्टिस्ट हा आज गर्भपाताच्या विरोधात आघाडीवर असलेला पंथ; त्याच्याच अधिवेशनाने १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी, असा ठराव केला होता. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३ चा निकाल रद्द केला तेव्हा तो रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी चार कॅथलिक होते, आणि त्याविरुद्ध निकाल लिहिणाऱ्या तिघांपैकी सोनिया सोटोमायोर याही कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या. आपल्या माणसांकडे पाहा. बेळगावात वाढलेले, मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले, ते गर्भपाताच्या हक्काचे समर्थक आहेत. आपल्याच ओहायोत जन्मलेले आणि तेथील २०२६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरलेले विवेक रामस्वामी गर्भपाताचे विरोधक आहेत. दोघेही हिंदू. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आयोवातील एका जाहीर कार्यक्रमात एका मतदार स्त्रीने रामस्वामी यांना त्यांच्या हिंदू असण्यावरून प्रश्न विचारला होता. ‘हिंदू’ या शब्दावरून तिला त्यांच्या गर्भपातविषयक भूमिकेचा काहीही पत्ता लागला नसता, आणि श्री ठाणेदारांच्या भूमिकेचाही नाही.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. धर्म विचारू नये याचा अर्थ श्रद्धाळू माणसाने आपली नीतिमूल्ये घरी ठेवून राजकारणात यावे, असा मी करत नाही. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला चर्चने बळ दिले, मार्टिन ल्यूथर किंग हे स्वतः धर्मोपदेशक होते, आणि त्यांच्या मागण्या बायबलच्या भाषेत मांडल्या गेल्या म्हणून त्या त्याज्य ठरत नाहीत. मूल्य कोठून आले हा प्रश्न नाही. ते मूल्य कायदा होऊन इतरांवर लागू होणार असेल, तर त्याचे समर्थन तो धर्म न मानणाऱ्यालाही समजेल आणि तपासता येईल अशा कारणांनी करता आले पाहिजे. गर्भपाताविषयी तर धर्माधर्मांत एकवाक्यताही नाही. ज्यू परंपरेत आईचा जीव धोक्यात असेल तर तिला वाचवणे हे प्रथम कर्तव्य मानले जाते, आणि २०२२ मध्ये फ्लोरिडातील एका सिनेगॉगने पंधरा आठवड्यांच्या बंदीमुळे आपल्या धर्मस्वातंत्र्यावरच गदा येते, असा दावा न्यायालयात दाखल केला.

आता उमेदवाराला काय विचारायचे ते पाहू. त्याची वक्तव्ये ऐकण्यापेक्षा त्याने केलेली कामे पाहावीत. रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. पुढे ते गर्भपाताच्या विरोधकांचे नेते झाले. जो बायडेन यांनी गर्भपातासाठी केंद्राचा पैसा न वापरण्याच्या तरतुदीला अनेक दशके पाठिंबा दिला आणि जून २०१९ मध्ये, अध्यक्षपदाच्या उमेदवारीची स्पर्धा चालू असताना, तो मागे घेतला. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपण स्त्रीच्या निवडीच्या अधिकाराच्या बाजूचे असल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये मात्र त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर कोणाला नेमणार त्यांची यादीच प्रसिद्ध केली. ती यादी कोणत्याही श्रद्धेच्या कबुलीपेक्षा अधिक बोलकी होती. मतदारांना काय मिळणार ते तिच्यातून कळत होते, आणि तसेच घडले.

दुसरे म्हणजे, कोणत्या पदासाठी मत देत आहात ते पाहावे. २०२२ च्या निकालानंतर हा विषय प्रामुख्याने राज्यांकडे आला आहे, आणि आपल्या राज्यात त्याचे परिणाम काय झाले ते आठवा. ओहायोच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये मंजूर केलेला, सुमारे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा कायदा त्या निकालाच्याच दिवशी अमलात आला. त्यात बलात्काराचा अपवाद नव्हता. पुढच्या काही दिवसांतच बलात्काराला बळी पडलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीला गर्भपातासाठी शेजारच्या इंडियाना राज्यात न्यावे लागले. ज्यांनी २०१८ मध्ये विधिमंडळाचे उमेदवार निवडताना हा प्रश्न खासगी म्हणून बाजूला ठेवला, त्यांनी या कायद्यालाही नकळत हातभार लावला, असे मला वाटते.

पुढे २०२३ मध्ये ओहायोच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. ती कथा आपण मुळापासून समजून घ्यावी. नोव्हेंबरच्या मतदानाआधी, ऑगस्टमध्ये, घटनादुरुस्तीसाठी साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मते आवश्यक करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवण्यात आला. तो फेटाळला गेला. नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीच्या बाजूने सुमारे सत्तावन्न टक्के मते पडली. ऑगस्टमधील प्रस्ताव मंजूर झाला असता तर एवढे मोठे बहुमत असूनही ती पडली असती. मतपत्रिकेवर छापायच्या सारांशाच्या शब्दांवरूनही मोठा वाद होऊन प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तो सारांश मंजूर करणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद राज्यातील निवडणुकांचे काम पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असते. हा अधिकारी निवडून येतो. त्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही आपल्या राज्यात निवडून येतात, आणि २०२२ पासून त्यांच्या नावापुढे पक्षही छापला जातो. त्यामुळे मतपत्रिकेवरील पहिले नाव पाहून थांबू नका. तळाशी असलेल्या, फारसे कोणी न वाचलेल्या नावांनी या विषयात पुष्कळ काही ठरते.

दुरुस्ती झाली म्हणजे विषय संपला आणि आता उमेदवाराचे मत पाहण्याची गरज उरली नाही, असे कोणी म्हटले तर मिसुरी राज्याकडे बोट दाखवावे. तेथे नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर त्याला विरोध करणारे गव्हर्नर आणि आमदार निवडून दिले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ती तरतूद काढून टाकण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे नेण्याचे ठरवले.

राहिला आपल्या शेजारणीचा प्रश्न. गर्भ हा पूर्ण मानवी जीव आहे अशी ज्यांची प्रामाणिक धारणा आहे, त्यांना हा एकच मुद्दा इतर सर्व मुद्द्यांपेक्षा मोठा वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांना संकुचित म्हणून हिणवणे मला मान्य नाही. मी त्यांच्याशी असहमत आहे. त्यांना विचारावेसे वाटते ते एवढेच की त्यांचा उमेदवार गर्भवतीच्या जिवाला धोका निर्माण झाला तर डॉक्टरला निर्णय घेऊ देणार का, बाळंतपणाचा खर्च आणि पगारी रजा यांविषयी त्याचे मतदान काय आहे, आणि बंदी मोडणाऱ्या डॉक्टरला तो कोणती शिक्षा देऊ इच्छितो. हेच प्रश्न दुसऱ्या बाजूच्या उमेदवारालाही वेगळ्या रूपात विचारता येतात: कायद्याने कोठे मर्यादा घालावी, आणि सदसद्विवेकामुळे शस्त्रक्रियेस नकार देणाऱ्या परिचारिकेला सवलत मिळावी का? जो उमेदवार, कोणत्याही बाजूचा असो, अशा नेमक्या प्रश्नांना घोषणांनी उत्तरे देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

प्रश्न : बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा आयर्लंडमध्ये मृत्यू झाला तेव्हा आमच्या भागात फार हळहळ झाली होती. त्या देशातील राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे तो मृत्यू झाला, असे म्हणणे योग्य आहे का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : धर्मामुळे, एवढे म्हणणे अपुरे आहे. त्या देशाच्या राज्यकर्त्यांनी वीस वर्षे एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

सविता या दंतवैद्य होत्या, वय एकतीस. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात पाठदुखीमुळे त्या गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. सविता यांनी गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारण्यात आली. हा कॅथलिक देश आहे, असे त्यांना तेथे सांगितले गेले, आणि तसे बोलल्याचे एका सुईणीने पुढे चौकशीत मान्य केले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. चौकशीत रुग्णालयाच्या चुकाही आढळल्या. संसर्गाची लक्षणे वेळेवर ओळखली गेली नव्हती. त्यामुळे सगळा दोष एकट्या कायद्यावर टाकता येत नाही. पण डॉक्टर कायद्याकडे पाहत थांबले होते, हे नाकारता येत नाही.

तो कायदा कसा होता? १९८३ मध्ये आयरिश मतदारांनी सुमारे सदुसष्ट टक्के मतांनी आईच्या आणि गर्भाच्या जीवनाचा हक्क समान मानणारी आठवी घटनादुरुस्ती मंजूर केली. १९९२ मध्ये बलात्काराला बळी पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आईच्या जिवाला खराखुरा धोका असेल तर गर्भपात कायदेशीर आहे, आणि त्याची पद्धत ठरवणारा कायदा संसदेने केला नाही याबद्दल एका न्यायाधीशांनी कडक शब्दांत नापसंती नोंदवली. त्यानंतर सरकारे आली आणि गेली. कायदा झाला नाही. धोका किती वाढला की हात घालायचा, हे खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला कोणीही लिहून दिले नव्हते, आणि चूक झाली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. या वीस वर्षांत निवडून आलेल्या प्रत्येक खासदाराला हा प्रश्न विचारता आला असता. बहुतेकांना तो विचारला गेला नाही, आणि त्यांनाही तेच हवे होते.

सविता यांच्या मृत्यूनंतर हा प्रश्न टाळणे कोणालाही शक्य राहिले नाही. पंतप्रधान एंडा केनी हे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. २०१३ मध्ये त्यांनी संसदेत सांगितले की आपण कॅथलिक असलेले पंतप्रधान आहोत, कॅथलिकांचे पंतप्रधान नव्हे, आणि आईचा जीव धोक्यात असताना गर्भपाताला परवानगी देणारा मर्यादित कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. त्यांच्याच पक्षाच्या पाच खासदारांनी विरोधात मतदान केले म्हणून त्यांना संसदीय पक्षातून काढले गेले. त्यांच्यापैकी लुसिंडा क्रेटन यांनी नवा पक्ष काढला आणि २०१६ मध्ये त्या आपली जागा हरल्या. मी क्रेटन यांच्या मताशी सहमत नाही, पण त्यांनी जे केले ते राजकारणात घडायला हवे असेच होते: मत उघडपणे सांगितले, मंत्रिपद सोडले, आणि निवाडा मतदारांवर सोपवला.

मे २०१८ मध्ये सुमारे सहासष्ट टक्के मतांनी आठवी दुरुस्ती रद्द झाली. त्याआधी सविता यांच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आपल्या मुलीची आठवण ठेवून मत देण्याचे आवाहन केले होते. चर्चला जाणाऱ्या अनेकांनीही रद्द करण्याच्या बाजूने मत दिले, हे मुद्दाम लिहितो. कारण १९८३ चा आणि २०१८ चा देश धर्माच्या नोंदीत बहुसंख्येने कॅथलिकच होता.

प्रश्न : आपल्याकडे निवडणुकीत हा विषय कधीच का निघत नाही? उमेदवारांना विचारावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे हा कायदा आला तो आरोग्याच्या वाटेने. बेकायदा गर्भपातांत स्त्रिया दगावत होत्या, म्हणून केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. त्याविरुद्ध अमेरिकेसारखी धार्मिक आघाडी उभी राहिली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात धरले. धर्माच्या नावावर मते मागण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने मनाई आहेच. २०१७ मध्ये त्याचा अर्थ व्यापक करणारा सात न्यायाधीशांचा निकाल आला, तो मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यातच.

म्हणून आपल्याकडील उमेदवाराला तत्त्वाचे मत विचारून फारसे हाती लागणार नाही. तो कायद्याच्या बाजूने आहे असेच सांगेल. त्याला कायदा गावापर्यंत पोहोचतो का ते विचारावे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मान्यताप्राप्त डॉक्टर आहे का? लिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याचा धाक असल्यामुळे औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच नकार देत असतील, तर त्यावर त्याने अन्न व औषध प्रशासनाकडे काही पाठपुरावा केला आहे का? नवऱ्याची सही कायद्याने लागत नसताना सज्ञान स्त्रीकडे ती मागणाऱ्या रुग्णालयांबद्दल त्याने सभागृहात कधी प्रश्न मांडला आहे का? विद्यमान आमदाराने विचारलेले तारांकित प्रश्न विधिमंडळाच्या नोंदीत असतात आणि ते कोणालाही पाहता येतात.